मांडूला, दोघंच

एखाद्या जुन्या, ऐतिहासिक गावी नवराबायकोनं दोघांनीच दोन दिवस जायचं असेल, तर बेत कसा आखावा, यावर मला बोलायला सांगितलंय. विषय ऐकून आमच्या शेजारच्या वहिनी हसल्या. म्हणाल्या, "हे नव्या जोडप्यांनी ऐकायचं. आपल्या वयात दोघांनी मिळून जायचं ते डॉक्टरकडे." मी म्हटलं, वहिनी, आमच्या सहलीचा शेवट तिथेच झाला. पण ते मागाहून सांगते.

आमच्या लग्नाला २७ वर्षं झाली, त्या वर्षी धाकटी मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. तोवर घरात बोलणं भरपूर असे. मुलं गेल्यावर लक्षात आलं, की ते सगळं मुलांशी किंवा मुलांविषयी होतं. संध्याकाळी टीव्ही मोठ्या आवाजात सुरू, हे खुर्चीत, मी स्वयंपाकघरात. मी काही सांगावं, तर उत्तर 'हं' एवढंच. कधी तेही नाही. दोनदा सांगून झालं की मी तिसऱ्यांदा सांगत नसे. मनात म्हणायचे, यांना आता माझ्या बोलण्यात रस उरलेला नाही. एकदा असं मानलं, की पुरावे रोज सापडतात.

"दोन दिवस कुठे तरी जाऊ या," असं मीच एकदा मोठ्यानं म्हटलं. गाव ठरलं मांडू. राणी रूपमती आणि बाजबहादूर यांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. इंदूरपासून धारमार्गे साधारण १०० किलोमीटर. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी इंदूर, आणि दुपारच्या जेवणाला मांडू.

ह्यांनी लगेच कागद-पेन्सिल घेतली. दोन दिवसांत मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर आणि उज्जैन! मी प्रवासाच्या तासांची बेरीज मांडून दाखवली. दोन दिवसांतला जवळजवळ एक दिवस गाडीतच जात होता. बेत आखणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की ठिकाणं मोजू नका, रस्त्यातले तास मोजा. थोड्या कुरकुरीनंतर तीन गावं खोडली गेली. महेश्वर खोडताना मलाही वाईट वाटलं. अहिल्याबाईंचा घाट मांडूपासून तास-दीड तासावर आहे. पण तो पुढच्या खेपेला ठेवला.

दुसरी गोष्ट, दिवस निवडण्याची. मांडू विंध्याच्या कडेवर आहे, तिन्ही बाजूंना दऱ्या. पावसाळ्यात तिथे ढग खाली उतरतात, तळी भरतात, भिंतींवर शेवाळ चढतं. म्हणून सगळे पावसाळ्यात जायला सांगतात आणि त्या रविवारी गर्दीही लोटते. जमत असेल तर शुक्रवारी दुपारी पोहोचावं आणि रविवारी गर्दी यायच्या आत निघावं. आम्ही ऑगस्टमध्ये तसंच केलं. राहायची जागा मात्र आधी पक्की करा. गाव लहान आहे, जागा मोजक्या.

तिसरी गोष्ट, पाहण्याचा क्रम. मांडूच्या मुख्य इमारतींचे तीन गट पडतात. तळ्यांकाठचे राजवाडे, गावातली जामी मशीद आणि होशंगशहाची कबर, आणि तिसरा रेवाकुंडाजवळचा बाजबहादूर-रूपमतीचा. एका वेळेला एकच गट घ्यावा.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जहाज महाल पाहिला. सुमारे १२० मीटर लांबीची ही इमारत दोन तळ्यांच्या मधोमध उभी आहे. तळी भरली, की ती खरोखर नांगर टाकलेल्या जहाजासारखी दिसते. १६१७ मध्ये जहांगीर बादशहा नूरजहाँसह मांडूला मुक्कामाला होता. तळ्यांभोवती दिवे लावले होते, त्याचं वर्णन त्यानं आपल्या आठवणींत केलं आहे. त्याच मुक्कामात इंग्रज वकील सर टॉमस रो मात्र पाण्याच्या टंचाईनं हैराण झाला होता. राहायची जागा आधी पाहावी, हे त्यालाही पटलं असतं.

शनिवारी सकाळी होशंगशहाची कबर. पांढऱ्या संगमरवराचा हा घुमट ताजमहालाच्या सुमारे २०० वर्षं आधीचा. शहाजहानच्या पदरचे वास्तुकार १६५९ मध्ये इथे येऊन गेल्याचा लेख दारावर आहे. हे मी ह्यांना वाचून दाखवलं. उत्तर आलं, "हं."

शनिवारची दुपार मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. ह्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. आम्ही दाल आणि पानिये जेवलो. मक्याच्या पिठाचे हे गोळे पानांत ठेवून निखाऱ्यावर भाजतात. पाऊस थांबला तसे छत्र्या घेऊन सागर तलावाच्या रस्त्यानं चालत निघालो. वाटेत गोरखचिंचेची अवाढव्य झाडं. तिथे त्यांना खुरासानी इमली म्हणतात. झाड मूळचं आफ्रिकेतलं.

पुढे रस्त्याच्या कडेला एक जागा आहे. समोर झाडीत दाई का महल. इथून हाक मारली, की ती तिकडून परत येते. आमच्या यादीत ही जागा नव्हती. भुट्टे विकणारा एक मुलगा म्हणाला, "नाम लेकर बुलाओ, मांजी."

श्रोतेहो, उखाण्याखेरीज मी यांचं नाव कधी घेतलेलं नाही. आजही घेणार नाही. पण त्या दिवशी कोण जाणे काय वाटलं, दोन्ही हात तोंडाशी धरून मी यांच्या नावानं हाक मारली. क्षणभरानं समोरून नाव परत आलं, अक्षर न् अक्षर स्पष्ट. मुलगा टाळ्या वाजवून हसला. हे समोर बघत उभे होते. थोड्या वेळानं म्हणाले, "येत नाहीये की परत. अजून जोरात ओरड."

मुलाला वाटलं, चेष्टा करतायत. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा नाव आलं. हे मान थोडी कलती करून वाट पाहत राहिले.

मी काही बोलले नाही. हातातला भुट्टा तसाच गार झाला.

रात्री खोलीत मी समोर बसून, सावकाश विचारलं, "कधीपासून?" आधी टाळाटाळ झाली. मग म्हणाले, "दोनेक वर्षं असतील. ऑफिसात फोन डाव्या कानाला लावतो. तुला सारखं 'काय, काय' विचारलं की तू चिडतेस. म्हणून 'हं' म्हणतो."

आठवून पाहिलं, तर मी चिडत होते, हे खरंच होतं. दोन वर्षं मी स्वयंपाकघरातून पाठमोरी बोलत होते आणि ऐकू आलं नाही की रागावत होते. हे ऐकू न येण्याची लाज वाटून गप्प बसत होते. दोघांनीही आपापली समजूत करून घेतली होती.

रविवारी पहाटे रूपमतीच्या मंडपात गेलो. नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय रूपमती अन्न घेत नसे, अशी कथा आहे. स्वच्छ हवेत इथून खाली दूर नर्मदेची रेघ दिसते. आम्हाला ढगांपलीकडे काही दिसलं नाही. पावसाळा निवडला, की हे सोडावं लागतं. नर्मदा पाहायची तर हिवाळ्यात जा. हा मंडप मुळात सैन्याच्या टेहळणीची जागा. खालचा बाजबहादूरचा महालही त्याचा नव्हे, तिथला लेख त्याच्या आधी सुमारे अर्ध्या शतकाचा आहे. १५६१ मध्ये अकबराचा सरदार अधमखान चालून आला, तेव्हा बाजबहादूर हरून पळाला. मागे राहिलेल्या रूपमतीनं विष घेतलं, असं सांगतात. पुढे तोच बाजबहादूर अकबराच्या चाकरीत शिरला.

मी हे सगळं ह्यांच्या उजव्या बाजूला गेले होते ती डावीकडे येऊन, तोंडाकडे पाहत सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे गाणी म्हणायला हिच्याबरोबर, आणि पळताना एकटा!" किती तरी दिवसांनी 'हं'च्या पुढचं काही ऐकलं.

परत आल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. श्रवणचाचणी झाली, यंत्र आलं. पहिले पंधरा दिवस भांड्यांच्या आवाजानं हे वैतागले. आता टीव्हीचा आवाज कमी झालाय आणि माझी पुटपुटही पकडली जाते, त्याचे तोटे वेगळे.

तेव्हा बेत जरूर आखा. तास मोजा, दिवस निवडा, राहायची जागा पक्की करा. आणि एक दुपार मोकळी ठेवा. तिच्यात काय करायचं, ते लिहून ठेवू नका. आम्ही डिसेंबरात पुन्हा जाणार आहोत. या वेळी महेश्वर यादीत आहे. सागर तलावाच्या रस्त्याची दुपारही ह्यांनी स्वतःच राखून ठेवली आहे.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)