डॉक्टरीणबाईंच्या पाटल्या



बेळगुंदीत आमच्या गल्लीत नव्वदी ओलांडलेल्या एक आज्जी आहेत. त्यांच्या पहिल्या बाळंतपणाला बेळगावहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या, हे मी लहानपणापासून ऐकत आले. परवा पंखा बंद केला, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो उशाशी ठेवला आणि विचारलं, ‘‘आज्जी, साल कुठलं?’’ आज्जी गप्प. मग विचारलं, ‘‘शेतात काय होतं तेव्हा?’’ आणि सगळं उलगडत गेलं. रताळी काढायची चालली होती. राकसकोपचं धरण अजून झालं नव्हतं. सुईण रात्रभर बसून थकली, म्हणून पहाटे गाडी जुंपली. बाई आल्या, चुलीवर पाणी उकळायला लावलं, हातातल्या पाटल्या उतरवून सासूबाईंच्या पदरात टाकल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. सुईणीला बाहेर घालवलं नाही, जवळ बसवून घेतलं. हे कुठल्या दवाखान्याच्या वहीत सापडायचं?

नावाजलेल्या डॉक्टरीणबाईंचंही तसंच. बेळगावहून निघालं की निपाणीच्या पुढं कोल्हापूर. तिथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागावर डॉ. आनंदीबाई जोशींची नेमणूक झाली होती. 1886 साली फिलाडेल्फियात पदवी घेऊन त्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची पत्रं आहेत, काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र आहे, आवाज नाही. पुढं शाहू महाराजांच्या काळात त्याच हॉस्पिटलात डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी काम केलं. त्यांचा हात ज्यांच्या नाडीवर पडला, त्या बायकांना आता कुठं शोधायचं?

आनंदीबाईंच्याच फिलाडेल्फियातल्या कॉलेजानं 1977-78 मध्ये स्त्री डॉक्टरांच्या मुलाखती टेपवर घेतल्या. मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था 1988 पासून बायकांच्या आठवणी जपते आहे. आपल्या सीमाभागातल्या निवृत्त डॉक्टर, नर्सबाई, सुइणी यांच्याकडं आपणच जायला हवं, आणि लवकर. त्या कानडी-मराठी मिसळून बोलल्या तर तसंच राहू द्या. गप्प बसल्या तर तुम्हीही थांबा.

आज्जींना डॉक्टरीणबाईंचं नाव काही आठवलं नाही. पाटल्या जड होत्या, आणि जाताना त्या हातात घालायला बाई विसरल्या, सासूबाई गाडीमागं धावल्या, एवढं आठवलं. त्या सुईणीची नात खालच्या गल्लीत राहते. रविवारी तिच्याकडं जाणार आहे.