पडद्यावरची लढाई आणि किल्ल्यावरची लढाई

एकदा शाळेतल्या मुलांना घेऊन कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर गेलो होतो. एका मुलानं विचारलं, "गुरुजी, ती मोठी तोफ कुठाय?" पोरानं 2020 सालचा 'तान्हाजी' बोलपट पाहिला होता आणि त्यातली कोंढाण्यावरची अवाढव्य तोफ आता त्याला प्रत्येक किल्ल्यावर हवी होती!

ती तोफ कथा रचणारानं घडवलेली. सभासदाच्या बखरीत आहे ते एवढंच, की रात्रीच्या वेळी सुमारे तीनशे मावळे कडा चढून वर गेले. 1670 सालच्या त्या रात्री तोफ नव्हती म्हणून पराक्रम काही उणा होतो का? उलट वाढतो.

बोलपटाला अडीच तासांत सारं दाखवायचं असतं, हे खरं. पण त्यामुळे युद्धाचा सगळ्यांत मोठा भाग, म्हणजे धीर, तोच गळून पडतो. आपल्या शेजारची वसई घ्या. 2014 पर्यंत ती आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. 1737 साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली, पण वसई पडायला 1739 चा मे महिना उजाडला. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे भक्कम तट. चिमाजी अप्पांच्या लोकांनी महिनोन् महिने मोर्चे पुढं सरकवले, जमिनीखालून सुरुंग खणले. ऐन हल्ल्यात एक सुरुंग उशिरा उडाला आणि आपलीच माणसं त्यात गेली. शेवटी तह झाला; शरण आलेल्या पोर्तुगीजांना शस्त्रांनिशी, बायकामुलांसह जाऊ दिलं.

आता सांगा, कुदळ घेऊन अंधारात माती उपसणारा तो माणूस पडद्यावर कधी दिसतो का? शत्रूला दिलेला शब्द पाळणारा सेनापती किती वेळ दिसतो?

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, मुलांना बोलपट जरूर बघू द्या. त्यानं गोडी लागते. मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात तीन प्रश्न विचारा: ही लढाई किती दिवस चालली? सैन्याला दाणागोटा कुणी पुरवला? आणि हे आपल्याला कुठल्या कागदावरून कळलं?

दुर्गाडीवरच्या त्या मुलाला मी खाली खाडी दाखवली. म्हटलं, "बाळ, शिवाजीमहाराजांनी 1657 साली कल्याण घेतलं आणि या खाडीच्या काठी आरमाराचा विचार रुजला." तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. तोफेचं नाव मग त्यानं काढलं नाही.