हजर असणं



शाळेत हजेरी घेताना आपलं नाव आलं की "हजर" म्हणायचं, एवढंच काम असायचं. मन गडावर आहे की डब्यात, याची नोंद हजेरीपटात होत नसे. चाळिशी ओलांडल्यावर आता ती नोंद आपली आपणच ठेवायची आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कॉम्प्युटर एकाच वेळी दहा कामं करतो असं आपल्याला वाटतं. ढोबळमानाने सांगायचं तर प्रोसेसरचा एक कोर एका क्षणी एकच काम करतो. दुसऱ्या कामाकडे वळण्याआधी पहिलं कुठवर आलं ते तो जपून ठेवतो आणि परतल्यावर तिथूनच सुरू करतो. या अदलाबदलीतही थोडा वेळ जातोच. माणसाला तर अशी चोख नोंदही ठेवता येत नाही. फोन बघत जेवलं की भाजीची चव गेली ती गेलीच.

आपल्यापैकी ज्यांच्या द्राक्षबागा आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की रोज बागेत फिरून पान उलटून बघावं लागतं. डाऊनी आज दिसला तर आजच हालचाल करावी लागते. गेल्या वर्षीच्या भावाचं दुःख आणि पुढच्या हप्त्याची काळजी डोक्यात असली, तरी डोळे त्या पानावरच ठेवावे लागतात. माझ्या मते ही साधनाच आहे.

आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला सत्यनारायण गोएंका गुरुजींचं धम्मगिरी आहे. तिथे 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होतात. मी तिथे दहा दिवस राहिले. फोन जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे बघायचं. मन पळतं, त्याला परत आणायचं. पुन्हा पळतं, पुन्हा आणायचं. त्यावर चिडायचं नाही. मी तिथून एवढंच घेऊन आले की लक्ष आपोआप लागत नाही, ते रोज आणून बसवावं लागतं.

त्याचा उपयोग मला घरातच झाला. माझ्या बाबांची स्मरणशक्ती आता साथ देत नाही. सकाळचं दुपारी आठवत नाही, उद्याचं सांगून उपयोग नसतो. त्यांच्याजवळ फक्त आत्ताचा क्षण उरलाय. त्यांना भेटायचं तर मला तिथेच जावं लागतं. म्हणून वणीला आले की संध्याकाळचा एक तास त्यांचा. फोन कपाटात. तीच विहिरीची गोष्ट ते तीनदा सांगतात, मी तीनदा ऐकते. परवा तिसऱ्या वेळी त्यात आईचं नाव आलं. आधीच्या दोन्ही वेळा आलं नव्हतं.

रोज तासभर ध्यानाला बसा, असं मी सांगणार नाही. दिवसातली एक वेळ आणि एक माणूस ठरवा, आणि तेवढा वेळ पूर्ण त्याला द्या.

सुरुवात आजच करता येईल. ज्यांनी आपल्याला घडवलं ते सर आणि बाई समोर बसलेत. जेवणाच्या वेळी फोटो झाले की फोन पिशवीत ठेवा, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्यांना बोलू द्या.