पाऊल पडतं कसं?

ओहोटीच्या वेळी डहाणू-बोर्डीच्या ओल्या वाळूवर थोडं धावा आणि मागे वळून स्वतःचे ठसे बघा. टाच खोल रुतली आहे की चवडा? धावण्याच्या शास्त्रातला पहिला प्रश्न हाच.

धावताना प्रत्येक पावलावर वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. 50 किलोच्या मुलीच्या पायावर 100 ते 150 किलो! पाऊल फार पुढे टाकून टाच आपटली, तर हादरा थेट नडगीत आणि गुडघ्यात चढतो. सवयीने अनवाणी धावणारे मात्र बहुधा चवड्यावर उतरतात. संशोधक डॅनियल लीबरमन यांनी 2010 साली केनियातल्या धावपटूंचा अभ्यास करून हे दाखवलं.

म्हणून तलासरीच्या पाड्यावरच्या मुलांना एकदम जाड बूट घालायला लावू नका, आणि बुटांची सवय असलेल्यांनी एकदम ते काढूही नयेत. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दुखावते. गुडघा कुरकुरत असेल तर वेग तोच ठेवून पावलं लहान, थोडी जलद टाका. मोबाइलवर बाजूने आणि मागून संथ चित्रण करा, डॉक्टरांना दाखवा. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एक पाय सतत खाली पडतो. तेव्हा जेवढं जाल, तेवढंच त्याच वाटेनं परत धावा.