पेप्टाइडे : त्वचेची दुरुस्ती आणि केसांची वाढ



शास्त्रीय ग्रंथाचा अनुवाद करताना नामे फारशी छळत नाहीत. ‘पेप्टाइड’ हे नाम जसेच्या तसे देवनागरीत लिहिले की भागते. छळतात ती क्रियापदे. प्रसाधनांतील पेप्टाइडांविषयी बोलताना मी याच बाजूने विषयात शिरणार आहे. कारण ‘त्वचा सुधारते’ आणि ‘केस वाढतात’ या दोन विधानांमागचा पुरावा सारख्या तोलाचा नाही, आणि पैसे मोजणाऱ्याला मात्र तो सारखाच भासतो.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेऊ. अमिनो आम्लांची लांबलचक साखळी म्हणजे प्रथिन; थोड्याच कड्यांची आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड. त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिनच होय. त्वचेला इजा झाली की त्याचे तुकडे होतात, आणि त्यांतील काही तुकडे शेजारच्या पेशींना नवे कोलॅजेन घडविण्याचा इशारा देतात. पडलेल्या भिंतीच्या विटांनीच गवंड्याला हाक मारावी, तसा हा प्रकार आहे. ही हाक बाटलीत भरता येईल काय, हा प्रश्न त्यातूनच निघाला.

या मंडळींत सर्वांत जुने नाव ताम्र-पेप्टाइडाचे. ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन अशा तीनच कड्यांचे हे पेप्टाइड अमेरिकन संशोधक लॉरेन पिकार्ट यांना १९७३ साली मानवी रक्तद्रवात आढळले. ते तांब्याला घट्ट धरून ठेवते आणि त्यामुळे त्याच्या द्रावणाला निळा रंग येतो. काचपात्रात वाढविलेल्या त्वचापेशी त्याच्या सान्निध्यात अधिक कोलॅजेन तयार करतात, असे १९८८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले. कोलॅजेनचे धागे एकमेकांस बांधणाऱ्या एन्झाइमला तांबे लागतेच. तेव्हा ही कल्पना निराधार नाही. परंतु काचपात्र म्हणजे चेहरा नव्हे.

चेहऱ्यावरची परीक्षा दुसऱ्या एका पेप्टाइडाने दिली आहे. कोलॅजेनच्याच पूर्वरूपातील पाच कड्यांचा हा तुकडा. पेशींवरील त्याचा परिणाम १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्वचेच्या स्निग्ध थरातून जाता यावे म्हणून त्याला पामिटिक आम्लाची शेपटी जोडतात, आणि ‘मॅट्रिक्सिल’ या नावाने तो प्रसाधनांत येतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९३ स्त्रियांनी चेहऱ्याच्या एका बाजूस पेप्टाइडयुक्त आणि दुसऱ्या बाजूस पेप्टाइडविरहित मलम १२ आठवडे लावले. पेप्टाइडाच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या काहीशा कमी झाल्या. चाचणी करणारे संशोधक प्रसाधने विकणाऱ्या कंपनीचेच होते, हे ध्यानात ठेवावे. तरीही अशी समोरासमोरची तुलना या क्षेत्रात विरळाच. ‘आर्जिरेलीन’ नावाचे सहा कड्यांचे पेप्टाइड दुकानात यांच्याच रांगेत मांडलेले असते, पण त्याचे काम निराळे आहे. चेतातंतूंकडून स्नायूंना मिळणारा संदेश मंद करण्याचा त्याचा उद्देश आहे. त्याला दुरुस्ती म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

आता केस. २००७ साली कोरियातील संशोधकांनी शरीराबाहेर काढलेली मानवी केसांची मुळे पात्रात जिवंत ठेवली आणि त्यांना पहिल्या ताम्र-पेप्टाइडाचा एक जवळचा भाऊबंद दिला. मुळांची लांबी वाढली. ‘केस वाढले’ हे मराठी वाक्य तेथे अक्षरशः खरे आहे. मात्र तेच वाक्य विरळ होत चाललेला भांग पाहणारा माणूस वाचतो, तेव्हा ‘नवे केस उगवले’ असा अर्थ घेतो. लांब होणे, जाड होणे, संख्येने वाढणे या तिन्ही गोष्टींना आपली भाषा एकच क्रियापद वापरते, आणि जाहिरातीला ते फार सोयीचे पडते. माझ्या मते अनुवादकाने येथे ‘वाढणे’ लिहूच नये. कशाची आणि कोठे, हे सांगावे.

डोक्यावर सिद्ध झालेले औषध पाहू जाता मिनॉक्सिडिल हे नाव पुढे येते. मूळचे ते रक्तदाबावरचे. रुग्णांच्या अंगावर केस येऊ लागले तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. अमेरिकेत १९८८ साली पुरुषांच्या टकलासाठी ते लावण्याचे औषध म्हणून मान्य झाले. कोणत्याही पेप्टाइडाजवळ त्या तोलाचा पुरावा नाही. आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातही प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारी, सुशोभित करणारी, रूप बदलणारी वस्तू. शरीराच्या कार्यावर परिणाम घडविण्यासाठी दिलेली वस्तू औषधाच्या व्याख्येत जाते. म्हणूनच चाणाक्ष वेष्टनांवर ‘केस दाट दिसतात’ असे असते. त्या ‘दिसतात’वर बोट ठेवून वाचावे.

सुरकुत्यांसाठी निळी बाटली सहा महिने वापरली तर फार तर पैसे जातील. केसांचे तसे नाही. केस गळण्यामागे लोहाची कमतरता वा थायरॉइडचा विकार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. काही विकारांत तर केसाचे मूळच नष्ट होऊन जागी व्रण राहतो; तेथे गेलेला केस परत येत नाही, आणि बाटलीवर घालविलेले सहा महिनेही परत येत नाहीत. डोक्यावर एकाएकी चकत्या पडल्या, आग होऊ लागली किंवा खपल्या धरल्या, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. बाटलीचे नंतर पाहता येईल.