लुटुपुटूचा रस्ता
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'बालसंगोपन' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. विषय विस्तीर्ण आणि वेळ थोडा. म्हणून त्यातील एकच गोष्ट घेतो. लहान मुलांस रस्ता ओलांडावयास कसे शिकवावे?

नुसत्या उपदेशाने ते साधत नाही. माझ्या वर्गातील एका मुलास "आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे" हे वाक्य मुखोद्गत होते. चेंडू फाटकाबाहेर गेला आणि तो त्यामागे धावला. जीव वाचला, परंतु पाय कायमचा अधू झाला.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस कार्य आरंभिले, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपण रस्ता अंगणात आणावा. चुन्याच्या दोन रेघा ओढाव्या, मध्ये पांढरे पट्टे. एकाने एस. टी. व्हावे, दुसऱ्याने रिक्षा, तिसऱ्याने शिपाई; आजीबाई होण्यासाठी तर मुलांत भांडणे लागतात! आपल्याकडे वाहने डाव्या अंगाने चालतात, म्हणून कडेला उभे राहिल्यास पहिले वाहन उजवीकडून येते, हे मग निराळे सांगावे लागत नाही. (उलट दिशेने येणारे दुचाकीस्वारही आपल्या शहरांत थोडे नाहीत, एकाने तेही सोंग घ्यावे.) एक बाज उभी करून तिला थांबलेली मोटार म्हणावे. मूल तिच्याआडून एकदम बाहेर आले, की 'गाडी' होऊन धावणाऱ्या भावास ते आधी दिसतच नाही. मग भूमिका बदलून त्या मुलासच गाडी करावे. भरधाव धावत असता "थांब" म्हटले, तरी ते आणखी तीन-चार पावले पुढे जाते. गाडी जागच्या जागी थांबत नाही, हे त्याला तेथे कळते. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात आठ मीटरांहून अधिक पुढे जाते, हे गणित तो वरच्या वर्गात करील.

या खेळात मोठ्यांची फजिती होण्याचा संभव आहे. मूल 'बाबा' होते, कानाशी मुठीचा मोबाईल धरते आणि बाहुलीला मनगटाने ओढीत, पट्टे सोडून भलतीकडूनच पलीकडे जाते. मातापित्यांनी हे अवश्य पाहावे.

चार-सहा दिवसांनी मुलाचा हात धरून त्यास खऱ्या रस्त्यावर न्यावे आणि "आता जावे का?" असे त्यालाच विचारावे. हात मात्र सोडू नये. खेळात प्रवीण झाले म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलास एकटे दुकानात धाडणे हा शुद्ध अविचार होय. येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज त्या वयात येत नाही.

उद्या सकाळी कार्यालयामागील पटांगणात चुन्याच्या रेघा मारण्याचे चिटणिसांनी मान्य केले आहे. बाज मी आणतो. मुले आपण आणावी.