खाते आपले, हिशेबही आपल्याच हाती हवा



बँकेत खाते असणे वेगळे आणि त्या खात्याचा उपयोग करून घेता येणे वेगळे. सातारा जिल्ह्यात म्हसवडला श्रीमती चेतना गाला सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचे ठरविले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नामंजूर केला. अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. महिलांनी लिहिण्या-वाचण्याचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय सांगावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अक्षरओळख नवी होती, हिशेब मात्र जुनाच आणि पक्का होता.

उलट, चांगले शिकलेलेही व्याजात फसतात. सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो, बँक ‘सात टक्के’ म्हणते. तीन स्वस्त वाटतात. पण सावकाराचे तीन दरमहाचे आणि बँकेचे सात वर्षाचे! दहा हजारांवर वर्षाला तिकडे ३,६०० रुपये, इकडे ७००. शिवाय पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याजात सवलत असते. चालू हंगामाची सवलत व परतफेडीची तारीख शाखेत विचारून पासबुकावर लिहून ठेवावी.

आता बँक मोबाइलवर आली आहे. मुंबईत दिंडोशीला राहणारा मुलगा क्षणात गावी पैसे पाठवतो. ते आले की नाही हे पाहण्यासाठी वडील मोबाइल आणि पिन दोन्ही दुकानदाराच्या हाती देत असतील, तर खाते नावापुरतेच त्यांचे राहिले. साध्या मोबाइलवरूनही *९९# लावून शिल्लक पाहता येते. त्यासाठी नंबर बँकेत नोंदविलेला हवा. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे पाठवताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. एवढे एक वाक्य घरातील प्रत्येकाला पाठ असावे. तरीही फसवणूक झालीच तर लाजू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे.

गावात बँक प्रतिनिधीच्या यंत्रावर अंगठा लावून पैसे काढताना छापील पावती मागावी. ‘व्यवहार झाला नाही, पुन्हा अंगठा लावा’ असे सांगितल्यास आधी शिल्लक तपासावी, मगच दुसऱ्यांदा अंगठा ठेवावा.